फुलाफुलाची खोळ

"फुलाफुलाची कावून शिवली? बंदूक आहे का उशी?" नरहरी ढोमणे कडाडला.

"पडद्याचं तेवढंच कापड उरलं होतं," रमा शांतपणे म्हणाली.

ऐंशी सालच्या निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या होत्या. हिंदी मुलखातल्या कारखान्यात हेडक्लार्क असलेल्या नरहरीकडे वडिलांची दुनळी होती. गाडीवरून आणताना बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी आणि बंदूक बंद खोळीत हवी, असं ठाण्याच्या मुन्शीनं बजावलं होतं. नियम म्हटला की नरहरीला स्फुरण चढे. त्यानं नळी आणि दस्ता सुटे केले. रमानं दोन दिवस खपून, आतून गोधडीचा थर देऊन खोळ शिवली होती.

"छातीशी धर. पडू देऊ नको," स्कूटरला किक मारत तो म्हणाला. काडतुसांची पिशवी त्यानं डिकीत कुलूपबंद केली.

सेक्टर सहाच्या बाजारात शेजारच्या सिंधुताई दिसल्या. ढोमण्यांची लेक चंपा बाळंतपणाला नागपुरात, आत्याकडे होती. रमाच्या कुशीतलं, पदराखालचं ते गाठोडं पाहून सिंधुताई हरखल्या.

"अगं बाई! वजन किती?"

"सव्वातीन किलो!" रमा ओरडली. स्कूटर पुढे गेली.

ठाण्यात रांग होती. कुणी बंदूक पोत्यात आणलेली, कुणी उघडीच खांद्यावर. ठाणेदार सगळ्यांवर खेकसत होता. नरहरीनं फुलं दिसू नयेत म्हणून खोळ पाठीमागे लपवली. ठाणेदारानं ती ओढून घेतली, नाडी सोडली, आतला थर चाचपला.

"सब लोग देखो! इसे कहते हैं कायदे से लाना. किसने सिली?"

नरहरीची मान ताठ झाली. "हमारी मिसेस ने, साहब!"

रमा लाजून दुसरीकडे बघू लागली.

घरी परतले तर अंगणात सात-आठ बाया, औक्षणाचं ताट, सिंधुताईंच्या हातात नवी कुंची.

"कुठं ठेवलं हो?"

"ठाण्यात जमा केलं," नरहरी ऐटीत म्हणाला. "इलेक्शन झालं का परत आणू."

"जमा? अन् दूध?"

"दूध कायले? तेल लावून दिलं आहे ना!"

सिंधुताई मटकन पायरीवर बसल्या. कुंचीकडे लक्ष गेलं तशी रमा पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली. तिचे खांदे गदगदा हलत होते.

नरहरीचं तिकडे लक्षच नव्हतं. पावती उंच धरून तो सांगत होता, "साऱ्या ठाण्यात एकाचीबी अशी खोळ नव्हती, ताई! हिच्या हातची आहे, हिच्या!"