सरकारी पेढी वाढविली, त्याची हकीकत

श्री. जी लक्ष्मी कुलपाने राहत नाही, भरवशाने राहते, तिचे पायी मस्तक ठेवून लिहितो ऐसीजे. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी एका थोर राज्याची अब्रू एका शब्दापायी जावयाची, ती थोडक्यात वाचली. ते वर्तमान ऐसे.

राज्याने सरहद्दीचे लढाईस रयतेस रोखे लिहून देऊन वीस लक्ष रुपये घेतले होते, व्याज शेकडा बारा, आणि मुदत त्याच पंचमीस भरली, आणि खजिन्यात रोकड अवघी दोन लक्ष. मग सरकारी पेढीचे मुख्य भिकाजीपंत पोतनीस यांनी मसलत काढिली की, जुने रोखे घ्यावे आणि बदल्यात नवे द्यावे, व्याज शेकडा सहा, मुदत वीस वर्षे, जामीन खुद्द पेढी. आणि ज्यास नको त्यास रोकड मोजावी. महाराजांनी पुसिले, "पंत, सारेच रोकड मागतील तर?" पंत बोलिले, "पेढीवर लोकांचा भरवसा आहे. एकही मनुष्य रिकाम्या हाती परतला, तर मला गडावर बेडी घालावी." महाराज "बरे" म्हणाले.

आता पंत हिशेबात पक्के, परंतु अशुभ शब्दास बहुत भीत. त्यांचे घरी बांगडी फुटत नसे, 'वाढत' असे. नारळ फोडीत नसत, 'वाढवीत' असत. जामीन भक्कम दिसावा म्हणोन त्यांनी परगण्यांचा पुढील सारा वसूल पेढीखाली आणिला, पेढी तिप्पट थोर केली, आणि दवंडीचा मजकूर हौसेने स्वहस्ते लिहिला, "आजपासोन सरकारी पेढी वाढविली असे." परंतु बाजारात सांजेस दुकान बंद करणे, यासही 'वाढविणे'च म्हणत! चव्हाट्यावर दवंडी पिटली आणि कोणी ओरडला, "पेढी वाढवली! बुडालो!" मग सारे शहर जुने रोखे घेऊन पेढीवर लोटले आणि रोकड मागो लागले. शिपाई म्हणाला, "पंत, दार लावू का?" पंत म्हणाले, "दार लागले तर बेडी आली." आणि मोजीत राहिले, आणि तिसरे प्रहरी पेटीत चौदा हजार उरले, आणि रांग तर वेशीपावेतो.

तों बयाबाई कासारीण पुढे आली. घरोघर बांगड्या भरून तीनशे रुपये जोडले, त्याचा रोखा तिचे मुठीत. म्हणाली, "पंत, सरळ सांगा. पेढी वाढली म्हंजी कशी? माझ्या बांगडीवानी वाढली, का लेकरावानी वाढली?"

पंतांस तेव्हा आपली चूक उमगली. खुलासा करावा तर तो शब्द उच्चारणे आले, आणि तो जन्मात ओठांवर आला नव्हता. मग डोळे मिटोन उंबऱ्यावर उभे राहिले आणि सर्व बळ एकवटून ओरडले, "फुटली नाही! फुटली नाही! पेढी मोठी जाहली!" आणि तिचे तीनशे तिचे ओंजळीत घातले.

बाई पायरीपावेतो गेली आणि थबकली. मग लोकांकडे वळोन म्हणाली, "तीस वर्सं ह्यांच्या घरी बांगड्या भरती मी. 'फुटली' म्हनून ह्या मानसाच्या तोंडून कदी ऐकलं न्हाई. आज बोलला, म्हंजी खरंच बोलतोय." आणि परत येऊन रुपये मांडिले. "नवा रोखा लिवा. पर त्यात 'वाढली' लिवू नका."

रांगेत कुजबुज जाहली, आणि मागला मनुष्य म्हणाला, "मलाही नवाच द्या," आणि त्याचे मागला तेच म्हणाला. दिवेलागणीस उरले अवघे रोखे बदलले आणि पेटीतले चौदा हजार तैसेच राहिले. महाराजांनी पुसिले, "पंत, पेढी वाढली काय?" पंत हात जोडोन म्हणाले, "महाराज, पेढी उघडी आहे."

येणेप्रमाणे रोखे बदलले, राज्याची अब्रू राहिली, पंतांची बेडी चुकली. त्या दिवसापासोन पंतांचे घरी नारळ फोडितात. इति.