साडूची चौकशी

धुरपदाने साखरेचा डबा उघडला तेवढ्यात पाहुण्याने हात आडवा केला. "मला बिनसाखरेचा, मावशी." न्हावऱ्यासारख्या खेड्यात बिनसाखरेचा चहा एक तर मधुमेहाचा माणूस पितो, नाही तर सोयरीक जुळेपर्यंत तोंड गोड न करणारा, पोरीच्या लग्नाच्या चौकशीला आलेला सावध बाप. पाहुणा तरुण होता, तब्येतीने ठणठणीत होता, दारात मुंबई पासिंगची गाडी उभी होती आणि येऊन बसल्या बसल्या त्याने खंडूचा साडू मारुतराव याचं नाव काढलं होतं. तेव्हा तो कशासाठी आला असणार हे खंडूला सांगायची गरजच नव्हती.

"म्हंजी साईच्या लग्नाचं बघताय तर!" खंडू खाट पुढे ओढत म्हणाला. साई हा मारुतरावाचा एकुलता एक मुलगा. "बहिनीसाठी आलाय का?"

पाहुणा नुसता हसला.

त्याचं नाव महेंद्र. मूळचा सणसवाडीचा, बाप तिथल्याच कारखान्यात फिटर होता. आता महेंद्र मुंबईच्या एका कंपनीत कामाला होता. ही कंपनी श्रीमंतांचा पैसा गोळा करून दुसऱ्यांच्या धंद्यात घालते, धंदा वाढला की आपला हिस्सा फुगवून विकते आणि निघून जाते. आईला हे कधीच नीट कळलं नाही. ती शेजाऱ्यांना "बँकेत हाय" असं सांगून मोकळी होते. महेंद्रचा स्वभाव मात्र पुरता नोकरीसारखा झाला होता. बायकोने नवा सोफा आणला तेव्हा त्याने पाच वर्षांनी तो कितीला जाईल असं विचारलं, आणि तेव्हापासून ती खरेदीला एकटी जाते.

या वर्षी त्याला एक चांगला धंदा सापडणं फार गरजेचं होतं, कारण ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर तेजश्री बसत होती. तेजश्रीने गेल्या साली लोणच्याचा एक लहानसा कारखाना हुडकला आणि तो असा वाढला की साहेबांच्या तोंडी दर मीटिंगला लोणचंच. महेंद्रने जेवणातलं लोणचं सोडलं होतं. त्याला आता पनीर हवं होतं. शिरूर-दौंड भागात पनीरचे दोन कारखाने नजरेत भरले होते, एक मारुतरावाचा दौंडजवळचा आणि दुसरा न्हावऱ्यात, खुद्द खंडूचा. दोन्हींचं पनीर सणसवाडीच्या कारखान्यांतल्या कॅन्टीनना जात होतं. महेंद्रची रीत अशी, की आपण कोण हे आधी सांगायचं नाही, एकाची माहिती दुसऱ्याकडे काढायची आणि समोरच्याचा काही गैरसमज झाला तर तो मोडायचा नाही.

"आमचा साडूच हाय त्यो, मी वाईट बोलनार न्हाई," खंडूने सुरुवात केली. "पर घर हौशी न्हाई."

"म्हणजे?"

"पैसा बक्कळ येतो, पर खर्चच न्हाई! घरावर अजून पत्रा. समदा पैसा मशिनीत घालत्यात. बाप-लेक एकाच मोटारसायकलवर फिरत्यात. सून फिरायला न्हेनार कशात, दुधाच्या टँकरमधी?"

महेंद्र खाटेवर पुढे सरकला. "आणि मुलगा कसा आहे?"

"पहाटं अंधारात डेअरीत जातो. जेवताना बी फोनवर फॅटच इचारतो. बायकोशी बोलनार कवा?"

"काही व्यसन?"

"तेच तर! तंबाखू न्हाई, ढाबा न्हाई, यार-दोस्त न्हाई. असल्या मानसाचा काय भरवसा धरायचा?"

"उधारी वगैरे?"

"रुपायाची ठेवत न्हाई कुनाकडं, आन् कुनाला देत बी न्हाई. मानुसकीच न्हाई!"

महेंद्रला आनंदाने ठसका लागला. धुरपदाने पाणी दिलं आणि नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मारुतरावाची बायको पार्वतीबाई ही तिची सख्खी थोरली बहीण. पण खंडूची गाडी आता उताराला लागली होती. मारुतराव आणि तो एकाच मांडवात नवरदेव झाले होते, एकाच सालात दोघांनी दुधाचा धंदा धरला होता. मग सणसवाडीतल्या लोकांनी पनीर म्हटलं की मारुतराव, असं का म्हणावं? सासरवाडीला गेलं की सासूने आधी पाट त्याला का मांडावा? हे सगळं खंडूच्या पोटात बरीच वर्षं आंबत पडलं होतं, आणि आज कुणीतरी प्रेमाने विचारत होतं.

"आन् पोरीची सासू तर बघूच नगा," तो म्हणाला. "सख्ख्या भावाचं दूध दारातनं परत धाडलं तिनं! पानी हाय म्हनली."

"होतं का पाणी?"

"व्हतं की! पर भाऊ हाय ना तुजा!"

"मग त्या दुधाचं काय झालं?"

"काय व्हनार? मी घेतलं. आपल्याला नाती तोडता येत न्हाईत."

महेंद्रने कप खाली ठेवला. पुढचा प्रश्न त्याने जरा जपून विचारला. "सणसवाडीची काही कॅन्टीनं त्यांनी तुमच्याकडून घेतली म्हणे. भाव पाडला असेल?"

"पाडलाय कशाचा? माझ्यापेक्षा जास्ती लावतो! तरी बी लोक त्याच्याकडंच पळत्यात. काय जादू केलीया कुनास ठाऊक."

धुरपदाने खंडूला आत बोलावून घेतलं. "भरल्या घराचं लगीन मोडाय निघालाय का? पाप लागंल!"

"मी कुठं मोडतोय? एक तरी शब्द खोटा बोललो का, सांग की."

तेही खरंच होतं. खंडू त्या दिवशी अक्षरही खोटं बोलला नाही. बाहेर बसलेल्या महेंद्रला हा सूर ओळखीचा वाटत होता. कुठे ऐकलाय ते त्याला लगेच आठवलं. वर्षभर तो स्वतःच घरी बायकोला ऐकवत होता की तेजश्री सगळ्यांच्या आधी येऊन बसते, पार्टीला थांबत नाही, समोरच्याला नको नको ते विचारत बसते. त्यातलंही काही खोटं नव्हतं. त्याला स्वतःची थोडी लाज वाटली आणि मारुतरावाबद्दलची खात्री दुप्पट झाली.

खंडूचं मात्र समाधान झालं नव्हतं. "माझ्या शब्दावर जाऊ नगा, डोळ्यांनी बघा," म्हणून तो स्वतः महेंद्रच्या गाडीत बसला. मारुतरावाच्या डेअरीसमोरच्या चहाच्या टपरीवर दोघे आडोशाला उभे राहिले. समोर मारुतराव बनियनवर, हातात पाइप धरून दुधाचे कॅन धूत होता. धुऊन झाला की प्रत्येक कॅनमध्ये नाक घालून वास घेत होता.

"बघितलंत?" खंडू कुजबुजला. "मालक असून कॅन धुतो. असला सासरा चारचौघांत दाखवायचा कसा?"

"मामा, तुम्ही नसता तर मला हे कळलंच नसतं," महेंद्र मनापासून म्हणाला.

त्यानंतर खंडूचे दिवस फार सुखात गेले. साईच्या लग्नाचा कुठून सांगावा नाही, साखरपुडा नाही. धुरपदा बहिणीशी फोनवर बोलत असली की तो जवळ येऊन बसायचा आणि काहीच बातमी नाही म्हटल्यावर समाधानाने उठायचा. मग एका सकाळी मारुतराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात हजर झाला आणि त्याने खंडूला कडकडून मिठीच मारली.

"खंडूराव, तुमच्यामुळं जमलं!"

खंडूचा पेढा हातातच राहिला. "जमलं? म्हंजी पोरगी हो म्हनली?"

"कसली पोरगी? अवो, मुंबईच्या कंपनीनं भागीदारी घेतली आपल्या धंद्यात! नवा प्लँट हुभा ऱ्हातोय. ते महेंद्र साहेब म्हनले, तुमच्या साडूनं जे सांगितलं त्याच्यावरच आमचं ठरलं. इतकं चांगलं कोन बोलतं वो आजकाल?" आणि मारुतरावाने खरोखर डोळे पुसले.

उद्घाटनाला फ्लेक्स लागला. त्यावर मारुतरावाच्या शेजारी, तेवढ्याच आकारात, खंडूचा फोटो होता. मारुतरावाने स्टेजवर बोलावून त्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. टाळ्या वाजत असताना खंडूच्या पोटात असा जाळ उठला होता की त्यावर दूध सहज आटलं असतं. खाली उतरल्यावर त्याने महेंद्रला तंबूमागे गाठलं.

"साहेब, पनीर तर मी बी करतो. माझ्याकडं का न्हाई आलात?"

"आलो होतो की, मामा. यादीत तुमचं नाव पहिलं होतं. पण तुमच्याबद्दल मी मारुतरावांना विचारलं."

"वाटलंच मला!" खंडूने फेटा डोक्यावर घट्ट दाबला. "जळतो त्यो माझ्यावर. काय म्हनला?"

"खूप चांगलं बोलले. म्हणाले, राजा माणूस आहे. कुणाला नाही म्हणत नाही, मागेल त्याला उधारी देतो, नात्यातल्या कुणाचं कसलंही दूध परत पाठवत नाही. पंचक्रोशीतलं एकही लग्न चुकवत नाही, जत्रेला तर कारखाना बंद ठेवून गावाला जेवू घालतो." महेंद्रने खाली पाहिलं. "मग आमच्या साहेबांनी तुमचं नाव काढून टाकलं."

खंडूचा नारळ या हातातून त्या हातात गेला.

"साहेब," तो शेवटी अगदी हळू म्हणाला, "पुढच्या बारीला त्याला इचारू नगा. त्यो भोळा हाय. न्हावऱ्यात माझ्यावर जळनारी लई मानसं हायती, त्यांना इचारा."

"विचारलं, मामा. सगळं गाव पालथं घातलं." महेंद्रच्या आवाजात खरंच हळहळ होती. "तुमच्यावर जळणारा एकसुद्धा माणूस मिळाला नाही."

परतीच्या एसटीत खंडू फेटा मांडीवर घेऊन बसला होता. न्हावरं जवळ आल्यावर त्याने धुरपदाला कोपराने हलवलं.

"धुरपदे, खरं सांग. माझ्यावर कोनीच जळत नसंल का गं?"

धुरपदाने खिडकीतून नजर काढून त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"तुमच्यावर?" ती म्हणाली. "कशापायी?"