आधी एक फेरी

गंगापूर रोडच्या ‘बग्गीखाना’ हॉटेलात उन्हातून गेलात, तर आल्या आल्या पाणी मागू नका. मिळणार नाही. दारात खुर्ची टाकून बसलेले अण्णा तुमच्या मानेवरचा घाम बघतील आणि म्हणतील, “तापलाय तुम्ही. आधी एक फेरी मारा.” मग अंगणाला चक्कर मारायची. श्वास जागेवर आला की पाणी, त्यानंतर मिसळ.

मी सख्खा शेजारी, म्हणून सवलत मागून बघितली. “शेजाऱ्याची छाती काय वेगळी असती का?” एवढं ऐकून गुमान चालू लागलो.

अण्णांच्या आजोबांच्या बग्ग्या याच जागेत उभ्या असायच्या. नाशिकरोड स्टेशनवरून यात्रेकरूंना गोदाघाटावर आणायच्या. दौडत आलेल्या घोड्याला लगेच पाणी पाजायचं नाही, नाहीतर त्याची छाती भरते; आधी हळूहळू फिरवायचा, हा घरचा कायदा. पुढे रिक्षा आल्या, घोडे गेले, तबेल्यात कांदा भरला गेला. कायदा मात्र अण्णांच्या अंगात राहिला आणि आता तो माणसांवर चालतो.

मुलाचं एकच पालुपद होतं, जागा बिल्डरला देऊन टाकू. अण्णांना घास उतरेना. तेव्हा सून वैशाली म्हणाली, “एक वर्ष मला द्या. हॉटेल नाही चाललं तर खुशाल विका.” तिने गव्हाणींवर फळ्या टाकून टेबलं केली आणि चुलीवर रस्सा चढवला.

आणि अण्णा दारातच गिऱ्हाईक पिटाळू लागले. एक साहेब म्हणाले, “अहो, मी एसी गाडीतून आलोय.” अण्णा म्हणाले, “जनावर आतून तापतं.” साहेब आल्या पावली परत गेले. सासऱ्यांना आवर, असं मीच वैशालीला सुचवलं. ती म्हणाली, “काका, त्यांनाच दारातून उठवलं, तर जागा वाचवू कुणासाठी?”

पण झालं भलतंच. फेरी मारताना लोकांना कोपऱ्यातली जुनी बग्गी दिसायची. अण्णा तिचे कंदील दाखवायचे, घोड्यांची नावं सांगायचे. चालून भूक खवळायची, एका मिसळीच्या जागी दोन जायच्या. लोक मुद्दाम पाहुणे आणू लागले. येवल्याचं अख्खं वऱ्हाड, नवरदेवासकट, त्या अंगणात फेरी मारताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.

वर्ष भरलं त्या रविवारी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. विक्रीचं नाव काढणारा मुलगा टेबलाटेबलावर पाव वाढत होता. अण्णा खुर्चीत असे बसले होते, की गादीवर राजा काय बसेल.

तेवढ्यात वैशाली चुलीपासून घामाघूम होऊन बाहेर आली आणि तिने माठाखाली ग्लास धरला. अण्णांनी तो काढून घेतला. “थांब. आधी फेरी.”

लोक हसले. पण सगळ्यांना नुसतं बोट दाखवणारे अण्णा या वेळी उठले, काठी टेकत तिच्याबरोबर चालू लागले. दुसरा हात तिच्या पाठीवर होता.

“अण्णा, लोक खोळंबलेत.”

“खोळंबू दे. लांबनं ओढून आलेल्याला एकटं फिरू देत नसतात, पोरी.”

वैशालीने पदराने घाम पुसला, मग डोळे. ती फेरी पुरी होईपर्यंत कोणीच पाणी मागितलं नाही.