पाच विषयांचे पेढे

आमच्या शाळेतले परब सर पोरांना ओरडतात ते त्यांच्या घरच्या भाषेत. भोजपुरी पोराला भोजपुरीत, तेलुगू पोरीला तेलुगूत. मालवणी पोरगा हाती लागला तर विचारायलाच नको, ती तर त्यांची स्वतःचीच भाषा. गणित शिकवतात ते मराठीत. फक्त ओरडा बाहेरून आणलेला.

हा माल ते थेट आयांकडून आणतात. दर जूनला मरोळच्या गल्ल्या फिरतात, पोरांच्या दारात उभे राहतात आणि विचारतात, "हा अभ्यास करत नाही तेव्हा तुम्ही काय बोलता? तसंच्या तसं बोलून दाखवा." एका आईला वाटलं, सर तक्रार घेऊन आलेत. तिने बोलून दाखवलंच, वर पोराच्या पाठीत दोन धपाटेही घातले. सर तिथेच उभे राहून तिचं बोलणं घोकत होते. "ठेका महत्त्वाचा गो बाय," मला म्हणाले, "शब्द काय, कोण पण पाठ करील."

मी मराठी शिकवते. आई मरोळच्या बाजारात मासे विकते आणि आमच्या घरात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. सर तर माझ्याही पुढे. "ही आमची ग्रॅज्युएट," अशी माझी ओळख ते शाळेतल्या मावशींना करून देतात. मावशी मला रोज चहा देतात, तरी रोज.

शाळा पालिकेची, पण चालवायला घेतलीय एका संस्थेने. तसा करार आहे आणि तो पुढे वाढायचा की नाही हे दहावीच्या निकालावर ठरतं. मागच्या वर्षी संस्थेच्या मॅडम वांद्र्याहून लॅपटॉप घेऊन आल्या आणि पडद्यावर एक रंगीत गोळा लावला. कुठल्या भाषेची किती मुलं, बाप काय करतो, घरात शिकलेलं कोण. मग दुसरा गोळा, निकालाचा.

"बघा, ज्यांच्या घरी मराठी नाही, आईवडील शिकलेले नाहीत, तो भाग निकाल खाली खेचतोय."

आमची आईसुद्धा शाळेत गेलेली नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सर उठून पडद्याजवळ गेले. "ह्यात आमची रोजा खंय आसा?"

"सर, ही टक्केवारी आहे. यात नावं नसतात."

"म्हणजे हरवली," सर म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. हसावं की लिहून घ्यावं, मॅडमना कळेना.

रोजा तेव्हा नववी संपवत होती. बाप बांधकामावर, आई चार घरची कामं करते, घरात तेलुगू. माझ्या तासाला धडा फडाफडा वाचायची. गणिताला मात्र पुतळा.

मॅडम गेल्यावर मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वाईट नाहीत. घाबरलेल्या होत्या. म्हणाल्या, "रोजाच्या आईला दाखला काढायला सांगा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू दे."

हे बऱ्याच ठिकाणी चालतं. कच्चं मूल बाहेरून बसलं की ते नापास झालं तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत. अशी किती मुलं मग परीक्षेचा नाद सोडून कामाला लागतात, ते कोणी बघायला जात नाही.

"करार गेला तर सगळ्यांचीच वाट लागेल, परब," बाई म्हणाल्या.

सर चिडले की मालवणीत शिरतात. "असात. पोर माझ्या वर्गात बसतली. निकाल पडलो तर माझ्या नावार घाला."

"तुमच्या नावावर घालून करार वाचतो का?"

"नाय वाचणा. पण तिका मी दाखलो देवचंय नाय."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, मलापण कोणीतरी बसू दिलं होतं म्हणून मी इथे आहे." बाईंनी सुस्कारा टाकला. "बसवा. पण शाळा सुटल्यावर थांबवा तिला."

तर वर्षभर रोजा थांबली. वॉचमन चाव्या वाजवत फेऱ्या मारायचा आणि आतून सरांचं "एंटे इदि!" ऐकू यायचं. म्हणजे, काय गं हे. रोजा म्हणायची, "सर, आई असं नाय बोलत."

"मग कसं? शिकव."

की तास उलटा सुरू.

मेमध्ये निकाल लागला. बाईंच्या केबिनमध्ये आम्ही सगळे संगणकासमोर. पूर्ण शाळेत एकच मूल नापास, एकाच विषयात. रोजा. गणित.

सर चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात संस्थेच्या मॅडमचा फोन आला. बाई म्हणाल्या, "हो, एक राहिली. आमचीच आहे. जुलैत परत बसेल, एकच विषय राहिला तर अकरावीला प्रवेश मिळतो." फोन ठेवला आणि सरांकडे वळल्या. "कराराचं त्यांचं त्या बघतील. तुम्ही इथे काय करताय? जा तिच्याकडे."

सरांनी वाटेत पेढे घेतले. मला वाटलं, माणूस खचलाय, काही सुधरत नाहीये त्याला. रोजाच्या आईलाही तेच वाटलं असणार. तिने पुड्याकडे बघून विचारलं, "पास हुई क्या?"

"पाच में हुई ना. ये पाच का पेढा है. छठे का जुलै में लाता मैं."

रोजा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच बोलली, "तुमच्याच विषयात गेली ना, सर."

"म्हणजे मी पण नापास झालंय. चल, दोघां परत बसू. उद्यापासून मीच येतंय हय."

तिने तोंड वळवलं नाही, पण हात मागे करून एक पेढा घेतला. आईने आम्हाला भात आणि आंबट वरण वाढलं. सर दोनदा मागून जेवले.

परत येताना मी विचारलं, "सुट्टीत गावाला नाही जात का सर?"

"गावाक आता कोण आसा?" ते थोडे चालले. त्यांची बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "शाळा असते तोवर बरा असता गो. एवढीशी खोली आमची. पण मे महिन्यात संपता संपत नाय."

नाक्यावर रिक्षा मिळायच्या आत ते थांबले. "वेळ सांगूची रवली तिका," म्हणाले आणि गल्लीत परत शिरले. मी वाट बघितली, बघितली, शेवटी फोन लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज, रोजाच्या आईचं काहीतरी चाललेलं.

"तू जा गो," सर हळूच म्हणाले. "पोरीन पुस्तक काढल्यान."