शुक्रावर बसलेला कावळा

भर दिवसा शुक्राचा फोटो काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ! चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, चेष्टा नाही. नातीने वर्गात छातीठोकपणे सांगितलं होतं, "माझे आजोबा दिवसा शुक्र दाखवतात." बाई म्हणाल्या, "उद्या फोटो आण, मग बघू." अख्खा वर्ग हसला म्हणे. म्हणजे पोरीची अब्रू आता माझ्या दुर्बिणीवर!

शुक्र सध्या सूर्याच्या अगदी जवळ, नखासारखी बारीक कोर झालेला. म्हणून गच्चीवर आधी नियमांची उजळणी.

"दुर्बीण जिन्याच्या खोलीच्या सावलीतच ठेवायची. सूर्य भिंतीआड जाणारा हवा, भिंतीआडून निघणारा नको. का?"

"नाहीतर डोळा भाजेल," नात म्हणाली.

"आणि डोळा लावायचाच नाही. मोबाइल जोडायचा, पडद्यावर बघायचं. सावली सरकली की?"

"आधी झाकण, मग दुर्बीण हलवायची. आजोबा, चला ना, ऊन उतरेल!"

दहा मिनिटं आभाळ धुंडाळलं. आणि दिसली! लखलखीत, रेखीव कोर! मी धडाधड साठ फोटो काढले. मोबाइल सुनेचा; शेजारी उभ्या तिने त्यातला एक लगेच पालकांच्या ग्रुपवर टाकला. बाईंचं उत्तर हजर: "अप्रतिम! उद्या आजोबांनीच वर्गात येऊन बोलावं." मी तिथल्या तिथे केस सारखे केले.

"आजोबा, हा पळत का नाही?"

"कोण?"

"शुक्र. तुम्हीच म्हणता ना, आभाळातलं सगळं सरकतं, मिनिटभरात दुर्बिणीतून निसटतं. हा तर केव्हाचा मुक्काम ठोकून बसलाय!"

"त्याचं असं आहे..." मी घसा खाकरला, आणि शुक्रावर कावळा येऊन बसला. तोही उलटा! पाय वर, डोकं खाली, कारण आमच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. त्याने निवांत चोच घासली.

लांबच्या मोबाइल टॉवरवर एक गोल डबा होता. त्याची उन्हात चमकणारी कड म्हणजे आमचा शुक्र!

"अगं, पूस तो फोटो!" मी सुनेला ओरडलो.

"बाबा, तीस जणांनी अंगठे दिलेत. कुणी कुणी पुढेही पाठवलाय!"

नातीने मात्र झाकण लावलं, दुर्बीण पुन्हा सावलीत सरकवली आणि टॉवर टाळून शोध सुरू केला. मी मुकाट्याने तिपाई धरली. अर्ध्या तासाने एक फिकट, थरथरणारी कोर पडद्यावर आली आणि चालू लागली.

"पळाला! आजोबा, हा पळाला!"

तीन फोटो मिळाले. तिन्ही धुरकट.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रुपवरचा आणि नातीने नेलेला, असे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. "हा अंधुकच खरा कशावरून? तो किती छान आलाय!"

"हा सरकत होता, बाई. आजोबांचा जागचा हलला नाही, कावळा बसला तरी."

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. भाषणासाठी बोलावलेले पाहुणे मागच्या बाकावर अंग चोरून बसले होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या, पण जरा हळू.