पाहुण्याचा कब्जा

आमचे घरमालक दर अकरा महिन्यांनी आम्हाला घराबाहेर काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घेतात. भांडण नाही, तंटा नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की भांड्यांपासून गाद्यांपर्यंत सगळं बाहेर. मग ते रिकाम्या खोल्यांतून फिरतात, मोरीत डोकावतात, कुलूप लावतात आणि म्हणतात, "झाला कब्जा मोकळा!"

तुळजापुरात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळावर भस्म, कमरेला किल्ल्या. त्यांच्या वडिलांनी दुकानाचा गाळा एका कापडवाल्याला भाड्यानं दिला होता. कायदा भाडेकरूच्या बाजूनं. भाडं वाढेना, माणूस हलेना. "बाप गेला, कापडवाला गेला, आता त्याचा नातू गल्ल्यावर बसतोय. अन् भाडं? त्यात चा बी येत न्हाय!" हे सांगताना अप्पा चहा मात्र आमचाच पितात.

तेव्हापासून त्यांना कब्जाची धास्ती. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. माझ्या बायकोनं, सुनंदानं, अंगणात तुळस लावली तर म्हणाले, "कुंडीत लावा बाई. भुईत मूळ धरती ती."

सुनंदाला ही दरवर्षीची वरात अजिबात खपत नाही. मलाही लाज वाटते. शाळेत गुरुजी म्हणवून घेणारा माणूस भर गल्लीत डोक्यावर गादी घेऊन निघतो आणि पोरं नमस्कार करतात. पण देवीच्या गावात परवडणारं घर मिळायला नशीब लागतं. रिकामी खोली दिसली की तिचं लॉज होतं.

त्या एका दिवसापुरतं अप्पा आम्हाला वरच्या मजल्यावर, स्वतःच्या घरी ठेवून घेतात. "पाहुणे म्हणून हं," ते बजावतात. "पाहुण्याचा कब्जा व्हत न्हाय."

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. आठवड्यापूर्वीच अप्पांचा पुण्याचा मुलगा कुणाला तरी घेऊन आला आणि लॉजसाठी आमच्या खोल्या टेप लावून मोजून गेला. आता आमचं सामान जिन्याखाली आणि किल्ली अप्पांच्या कमरेला. रात्र वर पाहुणे म्हणून काढली, सकाळचे नऊ वाजले तरी नव्या कराराचं नाव नाही.

"विचारता का मी विचारू?" सुनंदा कुजबुजली.

"अप्पा, किल्ली?" मी विचारलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलाचाच होता. "न्हाय म्हणलं ना एकदा! लॉज-बिज कायी न्हाय. घरात माणसं हाईत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि उशाखालून करार काढून माझ्या हातात दिला. त्यावर अप्पांची सही कालच झालेली होती. माझा जीव भांड्यात पडला.

किल्ली मात्र देईनात. ती बोटांत फिरवत राहिले.

"गुरुजी, आज ऐतवार हाय. आजचा दिस बी वरच ऱ्हावा की. पोरगं, सून दिवाळीला बी येत न्हाईत. वर्षातनं ह्योच एक दिस घरात बोलणं ऐकू येतंय."

"पण अप्पा, करार?"

"करार उद्यापास्नं. पाहुण्याला तारीख नसती."

सुनंदानं पदर खोचला. आवाज अजून रागातलाच होता.

"अप्पा, पिठाचा डबा कुठं ठेवलाय?"