नवऱ्यांनी उरकलेली बायकांची तपासणी

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली, तेव्हा एका जंगलात बायकांच्या तपासणीचं शिबिर सुरू झालं. अकराव्या मिनिटाला जांभळीखाली रांगही लागली. रांगेत सव्वीस जनावरं होती, बाळांनो. सव्वीसच्या सव्वीस नवरे!

हसू नका. त्याचं असं झालं.

त्या जंगलात आशाताईचं काम टिटवीकडे होतं. साप दिसला की अख्खं रान उठवणारी ती. पण आदल्या दिवशी सभेत शिबिराचं सांगायला उभी राहिली आणि तिचा आवाजच बसला. समोर सगळे बाप्ये. त्यांच्यापुढे गर्भपिशवीचं नाव घ्यायचं कसं? शेवटी ती पुटपुटली, "उद्या ते... बायकांचं आहे. घरटी एकाने यायचं."

घरटी एक म्हटल्यावर कोण जाणार? घरातला कर्ता. रेशनला तोच, सभेला तोच, सहीला तोच. जंगलाची सरपंच अस्वलीण होती, पण तिच्या खुर्चीत चार वर्षं तिचा नवराच बसत होता. ती आपली घरी मध गाळायची.

आता सुंद्री साळिंदरिणीचं ऐका. तीन महिने तिच्या अंगावरून मधेच लाल जायचं. पाळी नसताना. सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, "बाईच्या जातीला चालायचंच. उगाच बोभाटा करू नकोस." पण सुंद्री रात्ररात्र पिल्लांकडे बघत बसायची. पदरात दोन पिल्लं. आपलं काही बरंवाईट झालं तर यांना कोण बघणार? बाप बघेल म्हणावं, तर बापाला धाकटीचं नाव आठवायला आधी थोरल्याचं घ्यावं लागायचं.

"अहो, मी जाते ना," ती म्हणाली.

"तू कशाला? मी चाललोय की तुझ्यासाठी," तिचा नवरा भिवाजी काटे विंचरत म्हणाला. "दाखवून येतो."

"काय दाखवणार?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

तो गेला. सुंद्रीने पिल्लं सासूच्या पुढ्यात ठेवली, कंद आणते म्हणाली आणि मागोमाग निघाली.

डॉक्टर करकोचीबाई दोन डोंगर ओलांडून आल्या होत्या. जेवणवेळेला परत जायच्या, ते पुन्हा वर्षाने यायच्या. त्यांनी रांग बघितली आणि चष्मा पुसला. रांग तीच.

"बायका कुठायत?"

"घरी. आम्ही आलोय त्यांच्या वतीने," अस्वल म्हणाला. "मी सरपंच."

"सरपंच तुम्ही?"

"म्हणजे बायको. एकच ते."

"बरं. मग सगळं सोडा आणि टेबलावर झोपा. गुडघे वर, पाय फाकवून."

अस्वलाने मागे पाहिलं. रांग चार पावलं मागे सरकली होती.

"बाईमाणसाला असं झोपवणार?" तो किंचाळला.

"पडदा लावून झोपवणार. बघणारी मीही बाईच. गर्भपिशवीच्या तोंडाला आंबट पाणी लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. तुम्ही वतीने आलात ना? चढा!"

अस्वलाला एकदम सभा आठवली. लांडग्याला आठवलं की आपली बायको ठणठणीत आहे, कारण ती कधी बोलतच नाही. भिवाजीचे काटे उभे राहिले ते दुपारपर्यंत बसले नाहीत. पण जाताना सगळ्यांनी टिटवीच्या हजेरीच्या कागदावर पंजे मात्र उठवले. सव्वीस घरं, सव्वीस पंजे.

भिवाजी वळला तर समोर सुंद्री.

"चल घरी. झालं तुझं. सही केलीय मी."

सुंद्री पडद्याच्या दिशेने एक पाऊल पुढे आली. ती म्हणाली, "सही तुमची झाली. जातंय ते माझंच. सरका."

चारचौघांत हे ऐकून भिवाजी इतका लाजला, की खरंच सरकला.

"श्वास सोड गं पोरी," पडद्याआड करकोचीबाई म्हणाल्या. "अंग आवळू नकोस. पिल्लांची नावं काय?" दोन्ही नावं, कोण कसं खातं, कोण रात्री अंथरूण ओलं करतं, एवढं सांगून होईतो तपासणी संपलीसुद्धा.

डाग होता. बाईंनी त्यातला कण पुढे तपासायला पाठवला. पंधरा दिवसांनी निरोप आला : कॅन्सर झालेला नाही, पण त्या वाटेवर आहे, आत्ताच अडवता येईल. मग मोठ्या दवाखान्यात तेवढा भाग काढला आणि सुंद्री संध्याकाळी पिल्लांत परत आली.

जंगलात मात्र बोंब झाली. "बघा! गेली म्हणून निघालं! आमच्या घरी कुणी गेलं नाही, कुणाला काही निघालं नाही."

टिटवीचा कागद वर गेला. शंभर टक्के हजेरी बघून जंगलाला बक्षीस मिळालं. सरपंचबाईंच्या वतीने ते अस्वलाने घेतलं, हारही त्यानेच घातला. अस्वलीण घरी कंबर धरून पडली होती. तिचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. पण काळजी नको, बाळांनो. कागदावर ती तपासून झाली होती.

तात्पर्य : जी तपासायला जात नाही, तिला काही निघत नाही. म्हणून जंगल निरोगी राहावं असं वाटत असेल, तर बायांनी घरीच थांबावं आणि आपलं दुखणं नवऱ्याच्या सहीवर सोडावं. हे पटत नसेल, तर ही गोष्ट शेजारणीला सांगा, जावेला सांगा, धीर करून सासूलाही सांगा. गर्भपिशवीचं नाव घेऊन सांगा. फक्त निरोप नवऱ्याजवळ ठेवू नका. तोच येऊन रांगेत उभा राहील.